छावणीचें टपाल आणि त्याचीं तिकिटें

इ. स. १९९७ सालीं भारतीय टपालखात्यानें आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअर या सैनिकी टपालदलाच्या पंचविसाव्या वर्षाच्या स्मरणार्थ एक तिकीट काढिलें. तें आज कोणत्याही तिकीट-विक्रेत्याकडे अल्प किंमतीस मिळतें व दुर्मिळतेच्या दृष्टीनें त्याची मातब्बरी कांहींच नाहीं. तथापि प्रस्तुत लेखाचा आरंभ त्याच तिकिटापासून करण्याचें कारण असें कीं, तें पाहणारास एका गैरसमजांत पाडतें. १९९७ मधून पंचवीस वजा केले म्हणजे १९७२ उरतात, आणि भोळा संग्राहक वहीच्या पानावर तेंच वर्ष सैनिकी टपालाचें जन्मवर्ष म्हणून लिहून ठेवितो. अशा दोन वह्या मीं स्वतः पाहिल्या आहेत. वस्तुतः १ मार्च १९७२ हा दिवस दलाच्या स्वतंत्र अस्तित्वाचा होय, सेवेच्या जन्माचा नव्हे. त्यापूर्वीं हें दल सैन्याच्या सर्व्हिस कोअरचें एक अंग म्हणून नांदत होतें. आणि सेवा तर १८५६ पासून चालत आलेली आहे. म्हणजे एकशें एकेचाळीस वर्षांच्या इतिहासांतील शेवटच्या पंचवीस वर्षांचें तें स्मारक. स्मारकाचा दगड ज्या बाजूस बसविला असेल तीच बाजू दर्शनी ठरते, हा अनुभव शिलालेख वाचणारांस नवा नाहीं.

या दलाचें चिन्ह हंस असून ‘मेल मिलाप’ हें त्याचें ब्रीद आहे. हंस हा नळदमयंतीच्या आख्यानांतला. त्यानें निरोप नेला तो मुखानें, पत्रानें नव्हे, हें येथें क्षणभर बाजूस ठेवूं. पण ‘मेल’ या शब्दाची योजना ज्या कोणाला सुचली त्याचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. इंग्रजींत ‘मेल’ म्हणजे टपाल, आणि संस्कृतांत मिल् धातूपासून झालेला ‘मेल’ म्हणजे भेट. दोन भाषांतील दोन परकीं अक्षरें एका जागीं येऊन एकच अर्थ बोलूं लागावीं असा योग क्वचितच येतो. दलाचें शिक्षणकेंद्र नागपुराजवळ कामठी येथें आहे आणि त्यांतील बहुसंख्य माणसें टपालखात्यांतूनच सैन्यांत येतात. पुष्कळ वर्षें गांवच्या कचेरींत मनिऑर्डरी लिहिलेला कारकून पुढें गणवेश चढवून बर्फांत टपालाच्या थैल्या सोडीत बसतो, ही गोष्ट थोड्यांस माहीत असते.

आतां मूळ आरंभाकडे वळूं. १८५४ चा सतरावा कायदा लागू होऊन त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून हिंदुस्थानभर पत्राचा आकार अंतरावर न ठेवतां वजनावर ठेवण्यांत आला. पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत कोठेंही जाऊं लागलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं इराणशीं युद्ध जुंपलें, आणि मुंबई बंदरांतून मुंबई इलाख्याचें सैन्य इराणी आखाताकडे निघालें. १० डिसेंबर १८५६ रोजीं बुशायर पडलें, ८ फेब्रुवारी १८५७ रोजीं खुशाबची लढाई झाली. या मोहिमेबरोबर जीं टपालघरें गेलीं त्यांपासून ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ या संस्थेची सुरुवात धरितात. तेव्हां या सेवेचें पहिलें पाऊल उचललें गेलें तें आपल्याच बंदरांतून.

यापूर्वीं लष्करांतून पत्रें जात नव्हतीं असें नाहीं. पेशवाईच्या दप्तरांतील निम्मे कागद छावणींतूनच लिहिलेले आहेत. परंतु जासूदजोडी धांवे ती सरकारच्या, सरदाराच्या, फार तर सावकाराच्या कामासाठीं. बारगिराचें, खिजमतगाराचें किंवा बिनीवाल्याच्या हाताखालील बेलदाराचें क्षेमकुशल घरीं कळविण्याची सोय त्यांत नव्हती. गांवचा कोणी माणूस परत निघाला तर त्याच्या तोंडीं निरोप, एवढाच मार्ग. पानिपतानंतर शेंकडों घरांतून वर्षानुवर्षें वाट पाहिली गेली, त्याचें एक कारण हें. सामान्य शिपायाला स्वतःच्या नांवानें, ठरलेल्या आकारांत, छावणीच्या तंबूंतून पत्र टाकितां येणें ही माझ्या मतें इराणच्या मोहिमेंतली किल्ले घेण्याहून मोठी गोष्ट होय. ती तेव्हां कोणाच्या ध्यानांतही आली नसेल.

पुढें १८६७-६८ मध्यें अबिसीनियावर स्वारी झाली. तिचा मुख्य रॉबर्ट नेपियर हा मुंबईच्या सैन्याचा सेनापति. १३ एप्रिल १८६८ रोजीं मगदालाचा किल्ला पडला. या मोहिमेंतून आलेल्या पत्रांवर हिंदुस्थानचींच तिकिटें असून त्यांवर ‘एफ. एफ.’ हीं दोन अक्षरें असलेला शिक्का आढळतो. फील्ड फोर्स असा त्याचा अर्थ. अफगाणिस्तान, मिसर, ब्रह्मदेश इत्यादि मोहिमांत हीच पद्धति चालली. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं.

तिकिटावरच सैन्याचें नांव छापण्याची चाल मात्र १९०० सालीं चीनच्या स्वारींत पडली. पेकिंग येथील परकीय वकिलातींस पडलेला वेढा उठविण्यासाठीं जें सैन्य गेलें त्यांत हिंदी पलटणी होत्या. त्यांच्यासाठीं व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेल्या चालू तिकिटांवर ‘सी. ई. एफ.’, म्हणजे चायना एक्स्पिडिशनरी फोर्स, अशीं काळीं अक्षरें पुन्हां छापण्यांत आलीं. नाण्यांच्या भावांतील फरकाचा फायदा घेऊन या तिकिटांचा कोणीं व्यापार करूं नये, हा त्यांतील हेतु. म्हणजे जी वरछाप आज संग्राहकांस मोहिमेचें मानचिन्ह वाटते ती मूळ एका हिशेबी कारकुनाची खबरदारी होती. मोहीम वर्षभरांत आटोपली. तिकिटें मात्र तीन राजांचे मुखवटे बदलून १९२३ पर्यंत चालू राहिलीं. वरछाप पाहून तें पाकीट बॉक्सर बंडाच्या वेळचें असें ठोकून देणारे विक्रेते भेटतात, त्यांस मुखवट्याकडे बोट दाखवावें.

१९१४ च्या महायुद्धांत ‘आय. ई. एफ.’ ही दुसरी वरछाप आली. पंचम जॉर्जच्या तीन पैंपासून एक रुपयापर्यंतच्या दहा तिकिटांवर ती आहे. फ्रान्समध्यें गेलेलें तें ‘ए’ सैन्य, मेसापोटेमियांतलें ‘डी’, गॅलिपोलीचें ‘जी’, अशीं अक्षरें सैन्यांस दिलेलीं होतीं. तिकिटांवर मात्र सर्वांस एकच छाप. अपवाद मोसलचा. तुर्कस्थानाशीं तहकुबी ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं ठरली, आणि मोसल हस्तगत झालें तें त्यानंतरच्या दिवसांत. १९१९ च्या आरंभीं तेथें जीं तिकिटें निघालीं तीं तुर्की सरकारच्या महसुली तिकिटांवर ‘आय. ई. एफ. डी’ व आण्यांतली किंमत छापून केलेलीं आहेत. त्या शहराच्या मालकीचा तंटा १९२६ पर्यंत मिटला नव्हता. तुर्की कागद, इंग्रजी अक्षरें आणि हिंदी आणे एकाच बोटभर चौकोनांत पाहावयाचे असतील तर त्या तिकिटांत पाहावे. एखाद्या ताम्रपटावर दुसऱ्या राजानें आपली मुद्रा उमटवावी तसाच हा प्रकार.

असो. आतां या लेखाचा जो मुख्य मुद्दा, त्याकडे येतों. महायुद्धांत रणांगणावरील शिपायाच्या साध्या पत्रास टपालहंशील माफ होता. पाकिटावर ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ एवढें लिहिलें कीं पत्र फुकट जाई. तेव्हां सैनिकी टपालाचा जो खरा भरणा, म्हणजे शिपायाचीं घरगुती पत्रें, त्यांच्यावर पुष्कळदां तिकीट नसतेंच. उजव्या हाताचा वरचा कोपरा रिकामा. त्या रिकाम्या कोपऱ्यालगत टपालघराचा गोल शिक्का आणि पत्र तपासणाराचा शिक्का, एवढेंच काय तें चिन्ह. तिकीट शोधणारा असें पाकीट निरुपयोगी म्हणून टाकून देतो, आणि पत्र शोधणारा आंतला कागद काढून घेऊन पाकीट टाकून देतो. दोघांच्या कात्रींत सांपडून नष्ट होतो तो इतिहास.

शिक्क्याचें महत्त्व कां, तें मोडी कागदांच्या वाचकांस सांगणें सोपें आहे. जुन्या पत्रांत ‘छ’ घालून चंद्रतारीख असे, मुक्काम असे, आणि पाठीवर पत्र केव्हां पोंचलें त्याची ‘पैवस्त’ नोंद असे. या तीन गोष्टींवर राजवाडे, खरे, सरदेसाई यांनीं मोहिमांच्या तारखा बसविल्या. सैनिकी टपालांत यांपैकीं मुक्काम बुद्धिपुरस्सर लपविलेला असतो. शत्रूच्या हातीं पाकीट लागलें तर सैन्य कोठें आहे तें कळूं नये म्हणून टपालघराच्या शिक्क्यांत गांवाचें नांव न घालतां अंक घालितात. तो अंक टपालघराचा, जागेचा नव्हे. टपालघर सैन्याबरोबर चालतें. एकच अंक चैत्रांत एका नदीकांठीं तर भाद्रपदांत दुसऱ्या डोंगरांत असूं शकतो. म्हणून नुसता अंक कांहीं सांगत नाहीं आणि नुसती तारीखही सांगत नाहीं. दोन्ही एका शिक्क्यांत हातीं आलीं आणि टपालघरांच्या हालचालींच्या सैनिकी याद्यांशीं ताडून पाहिलीं, म्हणजेच मुक्काम सुटतो. तिकीट कापून घेतलें कीं शिक्का अर्धा कापला जातो. अर्ध्या शिक्क्यांत कधीं अंक राहतो, कधीं तारीख राहते, दोन्ही क्वचितच.

मेसापोटेमियांतील पत्रांविषयीं आपणांस विशेष आस्था असावयास हवी. ‘बसऱ्याची लढाई’ हे शब्द मीं लहानपणीं गांवच्या पारावर ऐकिले आहेत. कूत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून जें सैन्य कोंडलें गेलें आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्नावांचून शरण गेलें, तें सहावें पुणें डिव्हिजन होय. त्यांत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा पडतांच टपालाचा मार्ग तुटला. ज्या घरांतून दर महिन्यास पत्र येत असे तेथें त्या हिवाळ्यापासून पत्र येणें बंद झालें, व शरणागतीनंतर कैदेंतून आलेला एखादा कागद हेंच कित्येकांच्या जिवंतपणाचें प्रमाण ठरलें. अशा घराण्यांत पत्रें क्रमानें लावलीं असतां मधली जी पोकळी दिसते तीही एक नोंदच. पण ती दिसण्यासाठीं आधीच्या व नंतरच्या पाकिटांवरील तारखा शाबूत हव्यात.

पत्र तपासणारांविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. फ्रान्समधील हिंदी सैन्याचीं पत्रें तपासण्यासाठीं १९१४ मध्यें एव्हलिन हॉवेल या मुलकी अधिकाऱ्याच्या हाताखालीं एक कचेरी उघडली व ती पुढें बोलोन बंदरांत स्थिरावली. क्रांतिकारकांचें वाङ्मय पलटणींत शिरूं नये ही पहिली भीति. पण थोड्याच काळांत सैन्याच्या मनाचा ठाव घेणें हेंच तिचें मुख्य काम झालें. निवडक पत्रांचे उतारे इंग्रजींत करून अहवालास जोडीत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत, इंडिया ऑफिसच्या दप्तरांत सुरक्षित आहेत. त्यामुळें विपरीत प्रकार घडला आहे. शिपायाचे मूळ शब्द बहुतेक नाहींसे झाले, आणि ज्यानें ते अडविण्यासाठीं वाचले त्याच्या भाषांतरांतून ते आपणांस परत मिळतात. त्यांत मराठी पत्रांचेही उतारे आहेत, पण मराठींत नव्हेत. मूळ मराठी कोठें मिळालीच तर ती एखाद्या घराच्या फडताळांत मिळेल.

पत्र वाचलें जातें हें शिपायांस लवकरच कळलें, आणि ते आडून लिहूं लागले. काळी मिरी संपत आली, आतां तांबडी मिरची वापरीत आहेत, अशा अर्थाचा मजकूर त्या उताऱ्यांत येतो. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि तांबडी मिरची म्हणजे गोरे. हें वाचतांच कोणाही मराठी वाचकास १७६१ च्या जानेवारींतील सावकारी पत्राची आठवण होईल. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हातीं तें वाटेंत पडलें, आणि गळालेलीं दोन मोत्यें व हरपलेल्या मोहरा यांच्या भाषेंत पानिपताचा निकाल त्यांस कळला. त्या सावकाराला आणि फ्रान्समधील शिपायाला एकमेकांची वार्ता असण्याचें कारण नाहीं. बाजारांतल्या जिनसांनीं माणसें मोजण्याची युक्ति दोघांनाही आपोआप सुचली. परंतु दोन्ही ठिकाणीं सांकेतिक मजकुराचा अर्थ कळतो तो पत्र कोणत्या दिवशीं, कोठून निघालें हें ठाऊक असल्यामुळें. तारीख काढून टाका, आणि मग मिरी ती मिरीच राहते.

स्वातंत्र्यानंतर वरछापेची जुनी चाल पुन्हां उपयोगांत आली, पण तिची लिपि बदलली. कोरियांतील युद्ध थांबल्यावर जे कैदी स्वदेशीं परतण्यास नाखूष होते, अशा बावीस हजारांवर कैद्यांचा ताबा तटस्थ म्हणून १९५३ मध्यें भारतीय सैन्याकडे आला. सुमारें सहा हजारांची ती तुकडी. तिचे मुख्य मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. युद्धरहित पट्ट्यांत त्यांनीं जी छावणी वसविली तिचें नांव हिंदनगर. या सैन्यासाठीं १९४९ च्या पुरातत्त्वमालेंतील तिकिटांवर देवनागरींत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशीं अक्षरें छापण्यांत आलीं. त्या मालेंतलें तीन पैंचें तिकीट अजिंठ्याच्या हत्तीचें; वाघोऱ्याच्या कांठचा तो हत्ती या अक्षरांखालीं कोरियाच्या थंडींत जाऊन आला.

‘कटक’ हा शब्द पाहून त्या वेळीं कित्येकांस ओढ्यांतलें कटक शहर आठवलें असेल. पण संस्कृतांत कटक म्हणजे कडें, डोंगराचा उतार, आणि सैन्याचा तळ. जुन्या मराठींतही सैन्य या अर्थानें तो रूढ आहे. शहराचें नांवच तळावरून पडलेलें. ‘संरक्षा’ ही योजनाही विचारपूर्वक केलेली दिसते. इंग्रजी शब्दाचा नुसता अर्थ पाहिला तर ‘ताबा’ म्हटलें असतें तरी चाललें असतें. ज्यांस घरीं जावयाचें नव्हतें त्यांच्यावर पहारा करणाऱ्या सैन्यास संरक्षा हेंच नांव अधिक शोभतें. पुढें १९५४ मध्यें हिंदी-चीनमधील आयोगासाठीं ‘अन्तर्राष्ट्रीय आयोग’ या शब्दांबरोबर कम्बोज, लाओस, वियत नाम अशीं नांवें छापलीं गेलीं. कम्बोज हें नांव महाभारतांत वायव्येकडचें; तें येथें आग्नेयेकडे उतरलेलें पाहून मीं प्रथम दचकलोंच होतों. १९६२ ची काँगोंतील व १९६५ ची गाझांतील वरछाप पुन्हां इंग्रजींत आहे. तिच्यांत बोलण्यासारखें कांहीं नाहीं.

कोरियाच्या तिकिटांविषयीं मीं इतकें लिहितों याला एक कारण आहे, व तें सांगण्यास मला संकोच वाटतो. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मीं एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां मुलांसाठीं तिकीट-मंडळ चालवीत असें. एका मुलानें आपल्या आजोबांच्या ट्रंकेंतलीं अकरा पाकिटें आणिलीं. आजोबा कोरियांत होते. प्रत्येक पाकिटावर ‘संरक्षा कटक’ होतें. मीं वर्गांत कटक शब्दाची व्युत्पत्ति मोठ्या उत्साहानें सांगितली, आणि मग कोमट पाण्याचें घमेलें मागवून सर्व तिकिटें सोडविण्याचा पाठ मुलांस दिला. तिकिटें टीपकागदावर सुकविलीं. भिजलेलीं पाकिटें शिपायानें चहाच्या शेगडींत घातलीं. मला त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. तिकिटें सोडविण्याची रीत मीं लहानपणीं तशीच शिकलों होतों.

तीन वर्षांपूर्वीं तोच मुलगा, आतां प्रौढ गृहस्थ, आंतलीं पत्रें घेऊन मजकडे आला. पत्रें त्यांच्या घरीं जपून ठेविलेलीं होतीं. अकराही पत्रें सुवाच्य बाळबोधींत आहेत. मायना आहे, आशीर्वाद आहेत, बैलाची चौकशी आहे, कैद्यांच्या कुंपणाजवळ रात्रीं झालेल्या ओरड्याची हकीकत आहे. पण तारीख एकाही पत्रावर नाहीं. आजोबा नुसता वार लिहीत: ‘शुक्रवार’, ‘सोमवार रात्र’. त्यांची समजूत बरोबरच होती; तारीख टपालवाला घालतो. ती पाकिटांवर होती. सोडविलेल्या तिकिटांपैकीं सात तिकिटें त्या गृहस्थांपाशीं अद्याप आहेत, आणि त्यांवर शिक्क्याचा जो चतकोर आला आहे त्यांत चार ठिकाणीं महिना वाचतां येतो, एका ठिकाणीं दिवस. कोणतें तिकीट कोणत्या पत्राचें तें आतां सांगतां येत नाहीं. मीं शाईचा रंग, मजकुरांतील थंडीचे उल्लेख आणि वार यांवरून क्रम लावण्याचा प्रयत्न केला. पहिलीं तीन व शेवटचें एक पत्र यांचा क्रम निश्चित वाटतो. मधलीं सात मीं दोनदां लाविलीं आणि दोन्ही वेळां क्रम निराळा आला.

आजच्या सैनिकी पत्रांची स्थिति तत्त्वतः तीच आहे. शिपायाच्या पत्त्यांत पलटण आणि ‘५६ ए. पी. ओ.’ किंवा ‘९९ ए. पी. ओ.’ एवढेंच असतें. पहिल्याचें मूळ टपालघर दिल्लीस, दुसऱ्याचें कलकत्त्यास. लडाखांतला असो कीं आसामांतला, गांवाचें नांव पत्त्यांत येत नाहीं. कागदाच्या पत्रांची जागा आतां दूरध्वनीनें घेतली असल्यामुळें अशीं पाकिटें यापुढें फारशीं जमणार नाहींत. जीं आहेत तीं आहेत.

तेव्हां मंडळाच्या सभासदांस विनंती अशी. मोडी रुमालांचा शोध करितांना घरोघरच्या पेट्यांतून असा एखादा लखोटा हातीं आला, मग त्यावर तिकीट असो वा नसो, तर तिकीट काढूं नये, पाकीट आंतल्या कागदापासून वेगळें करूं नये, आणि शिक्क्यांतील अंक व तारीख यांची नक्कल दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह चिटणिसांकडे धाडावी. विशेषतः ऑक्टोबर १९५३ ते फेब्रुवारी १९५४ या अवधींतील हिंदनगरचें तारखेसह संपूर्ण पाकीट कोणापाशीं असल्यास, आणि आंत बर्फ प्रथम पडल्याचा किंवा कुंपणाजवळील ओरड्याचा उल्लेख असल्यास, तें पाहावयास मिळावें. माझ्याजवळच्या मधल्या सात पत्रांपैकीं दोन तरी त्यावरून जागीं बसतील.